दोन बेटांचे रुपये

आमच्या दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर वर्तमानपत्राचा कागद कधी घातला गेला नाही. त्याची शाई डब्यांच्या बुडांना लागते, असं आईचं म्हणणं. तिच्या फळ्यांवर असत जाडसर सरकारी कागद, एका बाजूने छापलेले, दुसऱ्या बाजूने कोरे. दादा, म्हणजे माझे वडील, केंद्र सरकारच्या ज्या कार्यालयात कारकून होते, तिथे परदेशी पाठवलेल्या कर्मचाऱ्यांचे भत्ते ठरत. त्यासाठी दर सोमवारी निरनिराळ्या देशांच्या चलनांचे पौंडाशी असलेले भाव एका परिपत्रकावर सायक्लोस्टाइल होऊन येत. नवं आलं की जुनं निरुपयोगी. वर्षातून एकदा ते गठ्ठे रद्दीत निघत, तेव्हा दादा साहेबांना रीतसर विचारून त्यातले काही सायकलच्या कॅरियरला बांधून घरी आणत आणि माळ्यावर टाकत. आई त्यातले कागद एकेक काढून फळ्यांवर घाली, तेही छापील बाजू वर करून. कोऱ्या बाजूवर डाग लगेच दिसतात, आकड्यांमध्ये ते लपतात, हा तिचा हिशेब.

त्या स्वयंपाकघराचे आवाज मला आजही वेगवेगळे ऐकू येतात. कुकरची पहिली शिट्टी, वरच्या मजल्यावरचा पाटा, मागच्या गल्लीतून जाणाऱ्या कबाडीवाल्याची लांबलचक हाक, आणि या सगळ्याच्या खाली, जात्यासारखी एका लयीत चाललेली आईची पुटपुट. इतर घरांतल्या बायका काम करताना स्तोत्रं म्हणत. आमची आई पाढे म्हणायची. आणि तेही साधे नव्हेत. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड आणि साडेतीन यांचे पाढे. तिचे वडील सांगली भागातल्या एका खेड्यात शाळामास्तर होते आणि त्यांनी ते मुलीकडून घोटून घेतले होते. ती सातवी, म्हणजे तेव्हाची व्हर्नाक्युलर फायनल पास झालेली. पुढची शाळा गावात नव्हती, तेव्हा शिक्षण तिथेच थांबलं. पण कणीक मळताना "सात दिडके साडेदहा, आठ दिडके बारा" हे चालू असायचं. माझे दिल्लीतले मित्र दारात उभे राहून विचारत, "यार, तेरी मम्मी कौन सा मंत्र पढ़ती हैं?" मी सांगे, "है कुछ मराठी का." मला लाज वाटायची, हे इथे लिहून ठेवतो. या प्रकरणात मी काही लपवायचं नाही असं ठरवलं आहे.

मी एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. अर्थशास्त्र. प्रबंधिकेसाठी विषय सुचत नव्हता आणि सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, दर आठवड्याला विचारत होते. अशाच एका सकाळी मी ओट्यापाशी उभा राहून चहा घेत होतो. आई पोह्यांचा डबा उचलून खालचा कागद वाचत होती. तिला इंग्रजी अक्षर लावून वाचता येई.

"विनू, हे मॉरिशस आणि सेशेल्स काय आहे रे?"

"बेटं आहेत. हिंदी महासागरात."

"शेजारी शेजारी?"

"नाही गं, खूप लांब आहेत एकमेकांपासून. का?"

"दोघांकडेही रुपयाच चालतो. आणि दोघांचा भाव एकच. पोह्यांखाली तेच, डाळीखाली तेच. पौंडाला तेरा आणि वर एक तृतीयांश." मग ती एकदम हसली. "म्हणजे दीड शिलिंगाला रुपया! अरे, हा तर आमच्या शाळेतला रुपया."

मला काहीच कळलं नाही. तेव्हा तिने समजावून सांगितलं की पौंडाचे वीस शिलिंग, आणि तिच्या लहानपणी आपला रुपया दीड शिलिंगाला बांधलेला होता. तिच्या वडिलांनी दिडकी शिकवताना वर्गाला हेच उदाहरण दिलं होतं. आपण तो भाव केव्हाच सोडला, पण इंग्रजांची ही दोन बेटं तोच रुपया तसाच्या तसा घेऊन बसली होती. "पण आता हे बघ," म्हणून तिने मिठाची बरणी सरकवली. तिथला कागद अलीकडचा होता. "इथे सेशेल्स होतं तिथंच आहे. मॉरिशस हललंय. इतकी वर्षं जोडीनं राहिले, मग हा एकटाच घर सोडून का गेला? आणि तेव्हापासून याचा एक रुपया म्हणजे त्याचे किती?"

मी हसलो. "आई, तुला काय करायचंय? तिथे कुणाला भाजी आणायला जायचंय?"

पण दोन दिवसांनी सरांनी पुन्हा विचारलं तेव्हा माझ्या तोंडून तोच प्रश्न बाहेर पडला. सरांनी चष्मा काढला. म्हणाले, दोन छोट्या देशांच्या चलनांचा आपसातला भाव कुणी छापत नाही, सगळे पौंडाशी नाहीतर डॉलरशी छापतात. मॉरिशसने पौंडाशी बांधलेली गाठ सोडली, सेशेल्सने अजून ठेवली होती, तेव्हा महिन्यामहिन्याचा तक्ता केला तर नवीन काम होईल. "यह सवाल आपको मिला कहाँ से?"

"पढ़ते-पढ़ते, सर," मी म्हणालो.

तक्ता आईने केला. हे वाक्य लिहायला मला चाळीसहून जास्त वर्षं लागली, म्हणून ते साध्या शब्दांत पुन्हा लिहितो. तो संपूर्ण तक्ता माझ्या आईने केला. माळ्यावरचे गठ्ठे काढून तिने ते तारखेप्रमाणे लावले. फळ्यांवर गेलेले कागद डब्यांखालून ओढून काढले, तेलकट झालेले उन्हाला धरून वाचले. दादांनी अलीकडची परिपत्रकं आणून दिली, आणि मधल्या दिवशी एखाद्या देशाने भाव बदलला तर जी वेगळी चिठ्ठी निघे, त्या चिठ्ठ्याही. मग हिवाळाभर आम्ही दुपारी गच्चीत उन्हाला बसत असू. आईच्या पुढ्यात मटारच्या शेंगांची परात, माझ्या मांडीवर वही. मी दोन आकडे वाचायचे, मॉरिशसचा आणि सेशेल्सचा. तिने शेंग फोडायची, दाणे परातीत पडायचे, आणि तेवढ्यात उत्तर यायचं. दशांश चिन्हाच्या पुढचे आकडे ती पाव, अर्धा, पाऊण अशा तुकड्यांत मोडून घेई आणि उरलेलं किडूकमिडूक शेवटी जोडी. सुरुवातीची दहा उत्तरं मी डिपार्टमेंटच्या कॅल्क्युलेटरवर तपासली. तिसऱ्या दशांशापर्यंत दहाही बरोबर. मग मी तपासणं सोडून दिलं. महिन्याची सरासरीही तीच काढून सांगे, मी ती लिहून घेई. ती कशी काढते, हे मी एकदाही विचारलं नाही.

शेजारच्या पम्मी आंटी स्वेटर विणत आमच्यापाशी बसायच्या. त्यांनी एकदा न राहवून विचारलं, "भैनजी, ये सब्ज़ी का हिसाब है या सरकार का?"

"दो देश का पैसा है पम्मीजी. एक का दूसरे में कितना होता है, वो देखते."

"तो इसमें आपको क्या मिलेगा?"

"अपने को कुछ नहीं मिलने का," आई म्हणाली. "लेकिन पता तो चलेगा!"

पम्मी आंटी इतक्या हसल्या की त्यांचे टाके निसटले. त्या दुपारी त्यांनी सरसोंचा साग आणला होता, आणि आईने त्यांना लोण्याचा गोळा ठेवून थालीपीठ दिलं. ते ऊन, तो मटारचा हिरवा वास आणि आईचा तो चेहरा. एवढी खूष मी तिला नंतर क्वचितच पाहिली. ज्या कामासाठी आपण घडलो आहोत ते काम हाताला लागलं की माणूस असा दिसतो. मी पुढे पुष्कळ विद्वानांबरोबर काम केलं, त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या चेहऱ्यावर मला ते दिसलं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मी दादांचा कोट घालून गेलो. तिघे बसले होते: सर, विभागप्रमुख आणि बाहेरून आलेले एक परीक्षक. ज्या संस्थेचे ते होते, तिथे एक जागा रिकामी आहे आणि हा तक्ता ती संस्था छापणार आहे, हे सरांनी मला आधीच सांगितलं होतं. परीक्षक तक्त्यावर खूष होते. पानं उलटता उलटता ते एका महिन्यावर थांबले. त्या महिन्यात मॉरिशसने आपल्या रुपयाची किंमत अचानक बरीच खाली आणली होती. त्यांनी पेन्सिलने टोचून विचारलं, महिन्याच्या सुरुवातीचा भाव हा, शेवटचा हा, मग सरासरी बरोबर मध्ये यायला हवी. तुमचा आकडा जुन्या भावाकडे झुकलेला का? "ये कैसे निकाला?"

मला उत्तर माहीत नव्हतं. माझ्याच नावाच्या तक्त्यातल्या एका आकड्याचं उत्तर मला माहीत नव्हतं. सर माझ्याकडे आशेने बघत होते. "घरी विचारून उद्या सांगतो" असं म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "सर, घर पे मदर ने थोड़ी मदद की थी. पढ़ी-लिखी नहीं हैं. गलती हो गई होगी."

तिघेही हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. परीक्षक म्हणाले, "भई, मदर को किचन में रहने दो," आणि त्यांनी पेन्सिलने तो आकडा खोडून मधला आकडा लिहिला. मी "जी सर" म्हणालो. आईचा उल्लेख त्या खोलीत झाला तो एवढाच.

घरी आईने सांज्याच्या पोळ्या केल्या होत्या. मी पास झालो, जागाही बहुतेक मिळेल, हे ऐकून दादा पिशवी घेऊन मिठाई आणायला निघाले. आईने तव्यावरची पोळी उलटत विचारलं, "तक्त्याबद्दल काय म्हणाले?"

"आवडला. एक आकडा चुकला होता, तेवढा दुरुस्त केला."

तिने गॅस बंद केला. "कुठला?"

मी महिना सांगितला. तिने हात पुसले, भिंतीकडे बघत मिनिटभर पुटपुटली आणि म्हणाली, "नाही. बरोबर आहे तो."

"अगं, सुरुवातीचा आणि शेवटचा भाव घेतला तर—"

"दोन टोकं घेऊन कसं चालेल? मॉरिशसनं भाव बदलला तो तेविसाव्या दिवशी. त्याची वेगळी चिठ्ठी आहे. बावीस दिवस जुना भाव होता, नऊ दिवस नवा. दूधवाल्यानं तेवीस तारखेला दूध महाग केलं, तर मी सबंध महिन्याचे पैसे मधल्या भावानं देते का? बावीस दिवस जुना, नऊ दिवस नवा. प्रत्येक महिना मी असाच काढलाय."

ती बरोबर होती. सांगून संपायच्या आत मला कळलं. तक्ता छापायला जायला अजून तीन आठवडे होते. सरांना भेटून एवढंच सांगायचं होतं की सर, आकडा बरोबर होता आणि चूक माझी होती. पण मग सगळंच सांगावं लागलं असतं. हा तक्ता कुणी केला, प्रश्न कुणाला सुचला, आणि नोकरी कुणाच्या कामावर मिळते आहे. मी रोज ठरवत असे आणि रोज परत येत असे. आठवड्याने आईने विचारलं, "सांगितलंस का सरांना?"

"हो," मी म्हणालो.

"मग?"

"म्हणाले, तुमच्या मातोश्रींचं बरोबर आहे."

हे मी तिला म्हणालो. तिने ते पम्मी आंटींना सांगितलं, जिन्यात उभं राहून. "पम्मीजी, अपना हिसाब सही निकला. बड़े प्रोफेसर ने भी माना." पम्मी आंटींनी त्या दिवशी आमच्याकडे वाटीभर गाजरहलवा पाठवला. मी तो खाल्ला.

छापील पुस्तिका घरी आली तेव्हा मला नोकरी लागून महिना झाला होता. मुखपृष्ठावर माझं नाव. आत सरांचे आभार, विभागाचे आभार, वडिलांच्या प्रोत्साहनाचे आभार. दादांनी ती आल्यागेल्याला दाखवायला बाहेरच्या खोलीत ठेवली. आईने ती दुपारी, सगळं आवरून झाल्यावर, हात धुऊन उघडली. मी आतून बघत होतो. ती पहिल्या पानापासून एकेक रांग बोटाने खाली येत होती. बोट त्या महिन्यावर थांबलं. बराच वेळ तिथेच राहिलं.

मग तिने मला हाक मारली. "विनू, हे बघ रे. छापखान्यात चुकलंय वाटतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. मला निसटायला तिने वाट करून दिली होती आणि मी त्या वाटेने जातो का, एवढंच ती बघत होती.

"हो," मी म्हणालो. "छापखान्यातच."

"छापखान्याचं काय सांगावं," ती म्हणाली आणि पुढची रांग वाचू लागली. शेवटच्या पानापर्यंत वाचली. त्यानंतर तिने त्या आकड्याचा विषय आयुष्यात कधी काढला नाही. ती खचली मात्र नाही, हे मुद्दाम सांगतो. पुढल्या वर्षापासून कॉलनीतली मुलं तिच्याकडे गणिताला येऊ लागली. पंजाबी, तमिळ, बंगाली, सगळ्यांना तिने पावकी आणि दिडकी मराठीत पाठ करायला लावली. पैसे घेतले नाहीत. त्यातले दोघे-तिघे आज मोठ्या हुद्द्यांवर आहेत आणि भेटले की म्हणतात, "भैया, सात दिडके साडेदहा!" माझी इथे दिल्लीच्याच द्वारका भागात वाढलेली नात मात्र दीडच्या पुढे अडखळते. तिला "वन पॉइंट फाइव्ह" सांगावं लागतं. ते शिकवायचं काम माझं होतं, तेही राहिलं.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात मला पुण्याहून एका संशोधक मुलीचा फोन आला. छोट्या देशांच्या चलनांचे जुने भाव ती गोळा करत होती. मराठी नाव बघून तिने मला शोधून काढलं होतं. मी बाल्कनीत बसलो होतो.

"काका, मला आता रोजचे भाव मिळालेत. त्यावरून मी तुमचा सबंध तक्ता तपासला. इतका अचूक जुना तक्ता मी पाहिलाच नाही. पण एकच महिना जुळत नाही. बाकी सगळे जुळतात, म्हणजे तुमची पद्धत बरोबर आहे. मग हा एकच कसा चुकला?"

"तू काढलास तो आकडा सांग," मी म्हणालो.

तिने सांगितला. मी आत जाऊन ट्रंकेतली ती वही काढली. मटारचे डाग पडलेल्या पानावर, माझ्याच अक्षरात, आईने सांगितलेला आकडा होता. तोच. तिसऱ्या दशांशापर्यंत तोच. तिच्या मशीनने आत्ता काढलेला आणि आईने शेंगा सोलत काढलेला. मला इतका अभिमान वाटला की तो आकडा मी बोट ठेवून पुन्हा वाचला. पलीकडून ती "काका, आहात ना?" म्हणत राहिली. मग मी तिला सगळं सांगितलं, परीक्षकांच्या पेन्सिलपासून छापखान्यापर्यंत. मुलगी समंजस होती. शेवटी म्हणाली, "मी नव्या यादीत हा तक्ता दुरुस्त करून घालते आहे. मग तक्ता कुणाचा म्हणून लिहू?"

"मालती दत्तात्रेय शेवडे. लिहून घे. शेवडे, श ला मात्रा."

"त्या कुठल्या संस्थेत होत्या?"

"संस्था नाही. घरी होत्या. घरी बसूनच केलाय."

तिने टाइप केल्याचा आवाज आला. "आणि काका, तुमचं नाव काढून टाकायचं का?"

मी विचार केला. काढून टाकणं सोपं होतं, आणि खोटंही. त्या हिवाळ्यात गच्चीवर मी होतो.

"नको," मी म्हणालो. "खाली बारीक अक्षरात घाल. लिही, आकडे वाचून दाखवले: विनायक शेवडे, मुलगा."